गच्चीवरची सावली मोजल्याशिवाय सौर पॅनेल बसवू नयेत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये घरगुती सौर पॅनेलसाठी अनुदान देणारी पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून आमच्या इंदुरात सुदामानगर, लोकमान्यनगर, टिळकनगर यांसारख्या वसाहतींतील गच्च्यांवर सौर पॅनेलच्या रांगा वाढत चालल्या आहेत, आणि अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट मनापासून आनंदाची वाटते. पॅनेल बसवताना कंपनी कोणती, किंमत किती, अनुदान केव्हा जमा होणार, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा) किती दिवसांत लागणार या सगळ्याची घरोघरी बारकाईने चौकशी होते. मात्र ज्या उन्हावर हा सारा व्यवहार उभा आहे, ते ऊन त्या विशिष्ट गच्चीवर वर्षभर किती पडते, याची मोजणी क्वचितच कोणी करतो. ती मोजणी सक्तीची व्हावी आणि तिचा लेखी अहवाल घरमालकाच्या हाती पडावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

उन्हाची मोजणी या शब्दांत दोन वेगळी कामे येतात आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच पुष्कळ घोटाळे होतात. आकाशातून एखाद्या प्रदेशावर किती ऊर्जा उतरते हे मोजणे, हे पहिले काम. ते आपल्यासाठी शास्त्रज्ञांनी केव्हाच करून ठेवले आहे. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात भारतीय हवामान खात्याने सौर प्रारण, म्हणजे सूर्याकडून येणारी ऊर्जा, मोजणारी केंद्रे उभारली. त्यात पुण्यात काम करणाऱ्या हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांचा वाटा फार मोठा होता, आणि त्यासाठी लागणारी उपकरणे देशातच तयार व्हावीत हा त्यांचा आग्रह होता. त्या उपकरणांपैकी मुख्य म्हणजे पायरनोमीटर. काचेच्या अर्धगोलाखाली एक काळा पृष्ठभाग असतो, तो उन्हाने तापतो आणि त्या तापण्यातून निर्माण होणाऱ्या अत्यंत सूक्ष्म विद्युतदाबावरून दर चौरस मीटरवर किती वॅट ऊर्जा पडत आहे ते कळते. थेट सूर्यबिंबाकडून येणारे ऊन आणि ढगांतून, धुळीतून, निळ्या आकाशातून विखुरून येणारा प्रकाश या दोहोंची बेरीज त्यात येते. २०११ पासून चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली अशी स्वयंचलित केंद्रे देशभर उभी राहिली. शिवाय उपग्रहांच्या निरीक्षणांवरून तयार केलेली नासाची, युरोपीय आयोगाची आणि जागतिक बँकेची माहिती इंटरनेटवर विनामूल्य मिळते. मध्य प्रदेशात वर्षाची सरासरी काढली तर आडव्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर दररोज साधारण पाच ते साडेपाच युनिट ऊर्जा पडते. आपण भाग्यवान प्रदेशात राहतो, हे या आकड्यावरून स्पष्ट आहे.

पुरवठादार आपल्या माहितीपत्रकात हाच आकडा देतात आणि एक किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट असा हिशेब करून मोकळे होतात. त्यांचा आकडा खोटा नसतो. परंतु नासाच्या सौर माहितीची एक चौकट, म्हणजे ज्या भूभागासाठी एकच आकडा मिळतो तो तुकडा, सुमारे १०० किलोमीटर लांब-रुंद असते, आणि तेवढ्या चौकटीत इंदूर, महू आणि पीथमपूर सहज मावतात. इतर संस्थांच्या चौकटी पुष्कळच लहान असल्या, तरी त्यांपैकी एकीलाही आपल्या जिन्याची खोली, शेजाऱ्याची पाण्याची टाकी किंवा कोपऱ्यावरचा कडुनिंब दिसत नाही. दुसरे काम उरते ते इथे, आणि ते प्रत्यक्ष गच्चीवर उभे राहूनच करावे लागते.

सावलीच्या बाबतीत इंदूरचे भौगोलिक स्थान मोठे फसवे आहे. आपले शहर २२.७ अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात माध्यान्हीला सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच लपते. मेच्या मध्यावर, म्हणजे घरोघरी पॅनेलची चौकशी जोरात चालते त्या दिवसांत, १० फूट उंच टाकीची माध्यान्हीची सावली जेमतेम ८ इंच असते. तीच टाकी २२ डिसेंबरला माध्यान्ही साडेदहा फुटांच्या आसपास सावली टाकते, आणि त्या दिवशी सकाळी नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी तिची सावली २० फूट लांब झालेली असते. तीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब भूखंडावरचे घर घ्या. गच्चीवर ८ फुटांची जिन्याची खोली आणि तिच्यावर घोड्यासकट ५ फुटांची टाकी, अशी १३ फुटांची उंची आपल्याकडे अगदी नेहमीची. तिची त्या वेळची सावली २६ फूट भरते. ती सकाळी वायव्येकडे आणि दुपारी ईशान्येकडे पडते, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला जिना असलेल्या घरात गच्चीचा मोठा भाग ती दिवसभरात पुसून काढते. मे महिन्यात टेप घेऊन आलेल्या माणसाला यातले काहीही दिसत नाही.

आमच्या वसाहतीतील एका कुटुंबाच्या बाबतीत नेमके हेच घडले. पुरवठादाराचा मनुष्य मे महिन्यात भर दुपारी आला. त्याने गच्चीची लांबी-रुंदी घेतली, मोबाइल आडवा धरून पडद्यावरचा लक्सचा भला मोठा आकडा दाखवला, ऊन उत्तम आहे असे सांगितले आणि तीन किलोवॅटची मांडणी कागदावर काढून दिली. दिवाळीपर्यंत सगळे ठीक होते. नंतर मोबाइलवर दिसणारा रोजच्या उत्पादनाचा आलेख सकाळच्या बाजूने खचू लागला. डिसेंबरातील एका निरभ्र सकाळी मी त्यांच्या गच्चीवर गेलो, तेव्हा साडेनऊच्या सुमारास जिन्याच्या खोलीची सरळ, काळी कड खालच्या रांगेतील दोन पॅनेलवर तिरकी पडलेली होती आणि दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांच्या कठड्याची सावली तिसऱ्या पॅनेलच्या खालच्या काठाला लागत होती. एकूण पृष्ठभागाच्या मानाने झाकलेला भाग थोडाच होता, तरी इन्व्हर्टरवरचा (पॅनेलची वीज घरी वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावरचा) आकडा निम्म्याच्याही खाली होता. त्या गृहस्थांना वाटत होते की पॅनेलच सदोष निघाले. पॅनेल उत्तम होते, ते चुकीच्या जागी बसले होते.

थोड्या सावलीने एवढे नुकसान का व्हावे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. पॅनेलमधील घट, म्हणजे वीज तयार करणारे छोटे सेल, एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्या साखळीतून जाणारा प्रवाह सर्वांत कमी ऊन मिळालेल्या घटापुरताच राहतो. हे टाळण्यासाठी साधारणपणे प्रत्येक पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड असतात. ते सावलीतील पट्टा वगळून प्रवाहाला वाट करून देतात, परंतु वगळलेल्या पट्ट्यातील जे घट उन्हात आहेत तेही मग निरुपयोगी ठरतात. अलीकडच्या अर्ध्या घटांच्या पॅनेलमध्ये आणि प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र सूक्ष्म इन्व्हर्टर असलेल्या जोडणीत हे नुकसान कमी होते, पण त्यासाठी सावली कुठे आणि केव्हा पडणार हे आधी माहीत हवे. माहीत असेल तर त्या दोन पॅनेलांची जोडणी वेगळी करता येते, ती चार फूट उत्तरेला सरकवता येतात, टाकीच हलवता येते. कित्येकदा तीनऐवजी दोनच किलोवॅट बसवणे हा शहाणपणाचा निर्णय ठरतो.

लक्सच्या आकड्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण हा प्रकार सर्रास चालतो. लक्स हे माणसाच्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचे माप आहे. सिलिकॉनचा घट डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांपैकीही बऱ्याच भागाचे विजेत रूपांतर करतो, त्यामुळे उजेडाच्या मापावरून विजेचा अंदाज नीट बांधता येत नाही. मोबाइलमधील प्रकाश-संवेदक तर पडद्याची चमक कमी-जास्त करण्यासाठी बसवलेला असतो, आणि मोबाइल हातात जरा कलला तरी आकडा बदलतो. योग्य मापन-यंत्र आणले तरीसुद्धा एका दुपारचे वाचन म्हणजे एका क्षणाचे वाचन होय, आणि मेच्या निरभ्र दुपारी इंदुरातील जवळजवळ प्रत्येक गच्चीवर ते सारखेच येईल. ज्या मोजणीत चांगली गच्ची आणि वाईट गच्ची यांत फरकच पडत नाही, ती मोजणी ग्राहकाच्या काही उपयोगाची नाही.

मेचे ऊन सर्वांत कडक म्हणून वीजही मेमध्येच भरपूर, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. पॅनेलची कागदावरची क्षमता २५ अंश सेल्सियस तापमानाला आणि दर चौरस मीटरवर १००० वॅट उन्हात मोजलेली असते. उन्हाळ्यात पॅनेल ६०-६५ अंशांपर्यंत तापतात आणि दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते, म्हणजे भर दुपारी साडेदहा ते १६ टक्के वीज केवळ तापण्यात जाते. जुलै-ऑगस्टमध्ये ढग असतात, त्याला इलाज नाही. उरतो तो दिवाळीनंतरचा काळ. तेव्हा आकाश बहुधा स्वच्छ असते, हवा थंड असते आणि सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे दक्षिणेकडे २२ अंश कललेल्या पॅनेलवर डिसेंबरच्या माध्यान्ही थेट ऊन आडव्या पृष्ठभागापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक मिळते. दिवस लहान असले तरी हे महिने कमाईचे आहेत, आणि सावली सर्वांत लांब पडते तीही नेमकी याच महिन्यांत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या आरंभापर्यंतची सावली म्हणूनच दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

ही मोजणी करायला महाग यंत्रसामग्री लागत नाही. जिथे पॅनेलची खालची कड येणार असेल तिथे डोळा न्यायचा, शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापकाला दोऱ्याने ओळंबा बांधायचा आणि आग्नेयेपासून नैर्ऋत्येपर्यंतच्या प्रत्येक अडथळ्याच्या माथ्याचा कोन मोजायचा. इंदूरसाठी २२ डिसेंबरला सकाळी ९.२५ ला सूर्य जवळपास थेट आग्नेयेस, क्षितिजापासून २६ अंशांवर असतो. १०.२५ ला तो ३५ अंशांवर येतो, १२.२५ ला बरोबर दक्षिणेस ४४ अंशांवर असतो आणि दुपारी ३.२५ ला नैर्ऋत्येस पुन्हा २६ अंशांवर उतरतो. त्या त्या दिशेला या कोनांपेक्षा उंच काहीही असेल तर त्याची सावली पॅनेलवर येणार, हे उन्हाळ्यातदेखील छातीठोकपणे सांगता येते. आपली माध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि इंदूर त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. दिशा ठरवण्यासाठी होकायंत्रावर भिस्त ठेवू नये, स्लॅबमधील लोखंडी सळयांनी त्याची सुई भरकटते. माध्यान्हीच्या क्षणी उभ्या काठीची सावली खरी उत्तर दाखवते. (जूनच्या आगेमागे सावली जवळजवळ नाहीशीच होत असल्याने तेवढे दिवस मात्र ही रीत कामाची नाही.) सूर्याचा मार्ग कॅमेऱ्याच्या दृश्यावर आखून दाखवणारी मोबाइलमधील साधनेही आता मिळतात आणि ती काळजीपूर्वक वापरली तर चांगली आहेत. उज्जैनला सवाई जयसिंगांच्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे. आडव्या गोल ओट्याच्या मध्यभागी उभ्या केलेल्या शंकूच्या छायेवरून तिथे सूर्याची वर्षभराची चाल वाचत असत. तिथून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्या शहरात सावली न मोजता लाखाच्या वर खर्च व्हावा, याचे मला वाईट वाटते.

घरातील माणसांनाही विचारावे. चैत्र-वैशाखात पापड-कुरडयांचे वाळवण कुठे घालायचे आणि पौषात पाठ शेकत बसायला सकाळी नऊ वाजता सतरंजी कुठे टाकायची, हे ज्या बायकांना आणि ज्येष्ठांना ठाऊक असते, त्यांच्याजवळ त्या गच्चीच्या उन्हाचा वर्षभराचा हिशेब असतो. पाहणीसाठी आलेला तंत्रज्ञ त्यांच्याशी चार शब्द बोलताना मी अजून पाहिलेला नाही.

आता शासनाकडे आणि वीज वितरण कंपनीकडे मागणी. सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. हे अनुदान बसवलेल्या क्षमतेवर आहे, निर्माण झालेल्या विजेवर नाही. त्यामुळे तीन किलोवॅट पूर्ण बसले की पुरवठादाराचे काम झाले, मग त्यातील एक किलोवॅट तीन महिने सावलीत का असेना. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांसाठी तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट २०२४ च्या नियमदुरुस्तीने काढून टाकली. अर्ज लवकर निकाली निघावेत म्हणून ते योग्यच झाले, आणि ती तपासणी तशीही वाहिनीची व रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) होती, उन्हाची कधीच नव्हती. तेव्हा उन्हाच्या तपासणीची कोणतीही पायरी आज या प्रक्रियेत उरलेली नाही. मोठ्या प्रकल्पांचे असे नसते. इंदूर महानगरपालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढून जलूदच्या ६० मेगावॅट प्रकल्पासाठी पैसा उभा केला, त्या आकाराच्या प्रकल्पात दहापैकी नऊ वर्षे किमान किती वीज मिळेल याचा अंदाज कर्ज देणारे आधी मागतात. कुटुंबाने आपली साठवलेली पुंजी घालायची, त्याला मात्र तोंडी आश्वासन.

माझी मागणी मोठी नाही. अर्जासोबत प्रत्येक गच्चीचा एक पानी ऊन-सावली अहवाल जोडलेला असावा. त्यात पॅनेलच्या जागेच्या चारही कोपऱ्यांवरून दक्षिणेकडे घेतलेली छायाचित्रे, अडथळ्यांचे कोन आणि सावली वजा करून काढलेला महिनावार युनिटांचा अंदाज असावा, आणि त्यावर पुरवठादाराची सही असावी. दक्षिणेच्या भूखंडावर आणखी किती मजले चढू शकतात हेही त्यात नोंदवले जावे, कारण पॅनेल पंचवीस वर्षांच्या हिशेबाने घेतले जातात आणि शेजारचे बैठे घर तेवढी वर्षे बैठे राहणार नाही. यामुळे खर्च आणि विलंब वाढेल असा आक्षेप मी ऐकला आहे. एका गच्चीसाठी हे तासाभराचे काम आहे, आणि ज्याला ते जमत नाही त्याने हा व्यवसाय करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एक गोष्ट मात्र आवर्जून लिहितो. अहवालात झाडाची सावली निघाली तर झाडावर कुऱ्हाड चालवण्याचा सल्ला कोणी देऊ नये. झाड राहू द्यावे आणि पॅनेल कमी करावेत.

ज्यांच्या गच्चीवर पॅनेल आधीच बसले आहेत, त्यांनी येत्या २२ डिसेंबरच्या आसपास एखाद्या निरभ्र दिवशी सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत दर तासाला सावलीच्या कडेसह पॅनेलचे छायाचित्र घ्यावे आणि त्याच दिवसाचा इन्व्हर्टरचा आलेख जपून ठेवावा. योजनेखाली पुरवठादारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. ती मुदत संपण्याआधी हे दोन्ही पुरावे जोडून पॅनेलची जागा किंवा जोडणी बदलून देण्याची मागणी लेखी करावी, आणि तिची एक प्रत वीज वितरण कंपनीच्या आपल्या झोन कार्यालयात देऊन पोच घ्यावी.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
सुदामानगर, इंदूर